पवनेच्या वाहत्या पाण्यातील मासेमारी : अधिक मासे मिळविण्याची रीत

पवना नदी सह्याद्रीत उगम पावते आणि मावळातील गावे ओलांडून रावेत-पुनावळे परिसरात येते. तेथून ती थेरगाव, चिंचवड व पिंपरीवरून जाऊन दापोडीजवळ मुळेस मिळते. पुनावळे आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी नदीकाठी गळ टाकून बसणारी माणसे तेथे अद्यापि दिसतात. ‘पूर्वी मिळत तसे मासे आता मिळत नाहीत’ ही त्यांची तक्रार असते. मासे अधिक कसे मिळतील, या प्रश्नास दोन बाजू आहेत. पहिली बाजू धरण्याच्या कौशल्याची, आणि दुसरी नदीत मासा शिल्लक ठेवण्याची. दुसरी बाजू सोडून पहिलीच धरली, तर कौशल्य वाढते आणि नदी रिकामी होते. म्हणून या पाठात दोहोंचा विचार केला आहे.

ट्राउट व आपला खडस

वाहत्या ओढ्यात गळाने मासे धरण्याची कला म्हटली की ट्राउट माशाचे नाव निघते. हा थंड प्रदेशातील मासा होय. इंग्रजी अमदानीत तो निलगिरीत व काश्मीरमध्ये मुद्दाम आणून सोडण्यात आला. काश्मीरात त्याचा जम 1900 सालच्या सुमारास बसला. त्यास सुमारे 20 अंश सेल्सिअसहून कमी उष्णतेचे पाणी मानवते. पवनेचे पाणी उन्हाळ्यात याहून पुष्कळच तापते. तेव्हा ट्राउट आपल्याकडे टिकणार नाही.

परंतु त्याच्या तोडीचा मासा आपल्या नद्यांत मूळचाच आहे. तो म्हणजे खडस, खडशी अथवा महासीर. कर्नल साइक्स यांनी 1839 साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात मुळा-मुठेतील या माशाची शास्त्रीय नोंद केली. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द इकडील बोलीतूनच घेतलेला आहे. खडसास खडकाळ तळ, वाहती धार व प्राणवायूने भरलेले स्वच्छ पाणी लागते. यांपैकी एकही गोष्ट गेली की तो नाहीसा होतो. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात 1970 नंतरच्या दशकात त्याची कृत्रिम पैदास साधली आणि तेथील बीज इतर राज्यांतही गेले. आपल्याच खोऱ्यातील मासा अन्यत्र रुजविता येतो, मग तो आपल्या नदीत का टिकू नये, हा प्रश्न प्रत्येक नदीकाठच्या गावाने स्वतःस विचारावा.

मासा कोठे असतो

वाहत्या पाण्यात मासा तोंड प्रवाहाकडे करून राहतो. कारण अन्न व प्राणवायू दोन्ही वरून येतात. परंतु भर धारेत सतत पोहत राहणे त्यास परवडत नाही. म्हणून पुढील जागा शोधाव्यात :

1. धार संपून डोह सुरू होतो ती जागा. धारेने आणलेले किडे व दाणे येथे खाली बसतात.
2. मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाचे निवांत पाणी.
3. काठच्या झाडांची सावली पडते तो भाग. उंबर, जांभूळ यांची फळे जेथे पाण्यात गळतात तेथे मासे हमखास येतात.
4. उन्हाळ्यात खोल डोह, कारण तळाचे पाणी थंड असते.

काठाने खालून वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने जावे. म्हणजे आपण माशाच्या पाठीमागे राहतो. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये आणि पाय आपटू नयेत. उन्हाळ्यात पहाटेची व दिवस मावळतानाची वेळ उत्तम. हिवाळ्यात ऊन चढल्यावर मासा हालचाल करू लागतो.

कोणत्या माशास कोणते आमिष

निरनिराळे मासे पाण्याच्या निरनिराळ्या थरांत चरतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. त्याप्रमाणे तरंगी व शिसे यांमधील अंतर बदलावे. या तिन्ही माशांस कणकेची गोळी अथवा भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी चालते. त्याच मिश्रणाचा थोडा चारा एका ठिकाणी आदल्या दिवसापासून टाकीत गेल्यास मासे तेथे जमतात. चारा थोडाच टाकावा. फार टाकल्यास तो कुजून पाणी बिघडवितो.

शिंगाळा व वांब हे तळाशी व काळोखात फिरणारे मासे होत. त्यांस गांडूळ लावून गळ तळावर टेकवावा. मरळ संथ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशास राहते व हलत्या भक्ष्यावर झडप घालते. गळ माशाच्या तोंडाच्या मानाने बेताचा असावा. मोठा गळ पाहून मासा बिचकतो. फार बारीक गळ तो गिळून टाकतो आणि मग सोडावयाचा झाल्यास तो जगत नाही.

चढणीच्या माशांचा प्रश्न

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे आहे. मृगाचे पाणी पडून ओढे वाहू लागले की अनेक जातींचे मासे अंडी घालण्याकरिता प्रवाहाच्या उलट वर चढतात. त्यांस चढणीचे मासे म्हणतात. या दिवसांत ते उथळ पाण्यात दाटीने येतात आणि बांबूचे सापळे व आडवी जाळी लावून पाटीच्या पाटी भरता येते. वर्षातील सर्वांत सोपी मासेमारी ती हीच, आणि सर्वांत महागही हीच.

हिशेब करून पाहावा. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीत सुमारे 2 लाख अंडी असतात. हजारांतील एकच पिलू मोठे झाले असे धरले, तरी त्या एका मादीपासून 200 मासे होतात. जूनमध्ये ती मादी धरणारा माणूस एका माशासाठी पुढील 200 मासे गमावतो. खडसाची गोष्ट याहून नाजूक आहे. तो रोहूच्या मानाने पुष्कळच थोडी अंडी घालतो, ती जड असल्याने तळच्या गोट्यांत बसतात आणि वाळू-गोटे उपसले की नष्ट होतात.

बियाण्याचे दाणे दळून खाणारा शेतकरी नसतो. नदीच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो. म्हणून पावसाळ्याचे पहिले दोन महिने ओढ्याच्या मुखाशी व बंधाऱ्याच्या पायथ्याशी सापळे लावू नयेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसापूर्वी वेळेवर काढावेत, म्हणजे माशांस वर जाण्यास वाट राहते.

आपल्या पूर्वजांनी यावर एक उपाय शोधला होता, तो देवाच्या डोहाचा. महाडजवळील वाळणकोंडीत भाविक आजही खडस मासे धरीत नाहीत. एक डोह राखला की तेथील मासे आजूबाजूच्या पाण्यात पसरतात. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील एक खोल डोह असा राखून ठेवावा.

काय ठेवावे, काय सोडावे

खडस सापडल्यास सोडून द्यावा. इतर देशी मासे एकदा तरी अंडी घालून झाल्याशिवाय धरू नयेत. लहान मासा हात ओले करून धरावा, कल्ल्यांस न लागता गळ काढावा व संथ पाण्यात सोडावा. याउलट तिलापी हा परदेशी मासा देशी माशांची जागा व अन्न बळकावतो. तो कितीही लहान असला तरी परत सोडू नये. परदेशी मागुराच्या पालनास शासनाची बंदी आहे; तोही नदीत पुन्हा सोडू नये.

सुरुंग व विष वापरून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. विजेच्या तारेतून प्रवाह सोडण्याचा प्रकार तर माणसांचाही जीव घेणारा आहे. या तिन्ही रीतींत अंडी, पिले व त्यांचे खाद्य सरसकट नाश पावते.

पाणी बिघडल्याची खूण

20 अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 30 अंशांस तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. बहुतेक माशांस 5 मिलिग्रॅम तरी लागतो. तापलेल्या पाण्यात सांडपाणी आले, की ते कुजताना उरलेला प्राणवायू संपतो. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला तर हवेतूनही भर पडत नाही. पवनेत मासे मरून तरंगल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत वारंवार घडल्या आहेत, त्यांचे मूळ बव्हंशी येथेच आहे.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करीत असतील, तर ती मासेमारीची सुसंधी समजू नये. ते गुदमरत आहेत. असे अथवा मेलेले मासे खाऊ नयेत, विकूही नयेत. स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना घ्यावा, जागा व वेळ लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास व महानगरपालिकेस कळवावे. कारखान्यांच्या व शहराच्या नाल्यांखालील पाण्यातील मासा दिसावयास जिवंत असला, तरी खाण्याकरिता धरू नये.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

- धरणातून पाणी सोडण्याची सूचना अथवा भोंगा होताच पात्रातून बाहेर यावे.
- जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात. प्रथम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.
- पावसाळ्याच्या आरंभी चढणीचे मासे धरू नयेत.
- गावाचा एक डोह राखावा.

चर्चामंडळासाठी प्रश्न

1. आपल्या हद्दीत नदीचे किती खोल डोह आहेत? त्यांपैकी कोणता राखता येईल?
2. गावातील वृद्धांच्या आठवणीतले कोणते मासे आता दिसत नाहीत? ते केव्हापासून दिसेनासे झाले?
3. जून-जुलै महिन्यांत गावात सापळे कोण लावतो? त्यास त्या दोन महिन्यांकरिता दुसरे कोणते काम मिळवून देता येईल?

तिसरा प्रश्न गावकार्यकर्त्यांनी विशेष काळजीने चर्चेस घ्यावा. ज्याचे पोट त्या दिवसांत सापळ्यावर अवलंबून आहे, त्यास नुसता उपदेश करून नदी राखली जात नाही.