फॉर्मेट मारण्याआधी

पं. भातखंड्यांच्या पुढाकारानं १९२६ साली लखनौमध्ये सुरू झालेल्या संगीत संस्थेत माझी भाची गाणं शिकते. रियाजाची सगळी रेकॉर्डिंगं लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये. लॅपटॉपवर विंडोजही आहे आणि उबुंटू लिनक्सही. जूनमध्ये विंडोजमध्ये फाइली कॉपी होत असतानाच लाइट गेली, आणि बॅटरीनं तर केव्हाच मान टाकलेली. त्यानंतर उबुंटूतून ड्राइव्ह उघडेना. एका दुकानदारानं स्क्रीनकडे नुसतं बघून निकाल दिला, ‘पार्टिशन उड़ गया है मैडम, फॉर्मेट मारना पड़ेगा.’ तिनं हो म्हणण्याआधी मला फोन केला, हे बरं झालं.

‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असलं काही स्क्रीनवर वाचलं की कुणाचंही धाबं दणाणतं. पण लिनक्सचा हा साचेबंद निरोप आहे. दुखणं कोणतंही असो, तो एकाच दमात सगळ्या शंका बोलून दाखवतो. खरं कारण कर्नलच्या नोंदीत असतं. ड्राइव्ह उघडायचा पुन्हा एकदा प्रयत्न करायचा, लगेच टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज’ चालवायचं आणि शेवटच्या ओळी वाचायच्या. भाचीनं फोनवर वाचून दाखवलं: ‘व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट.’ म्हणजे पार्टिशन जागच्या जागी होतं. विंडोजचं लिहिणं अर्धवट राहिलं होतं, आणि त्यावर आणखी लिहायला लिनक्स तयार नव्हतं. शहाणपणाच होता तो.

लाइट न जाताही हा नकार मिळतो. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असली की शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. आपली अवस्था डिस्कवर लिहून झोपी जातं. रिस्टार्टमध्ये मात्र पूर्ण बंद होतं. दोन्ही सिस्टीम वापरत असाल तर ही सोय बंदच ठेवा.

अशा वेळी इंटरनेटवर लिनक्समधल्या ‘एनटीएफएसफिक्स’चा सल्ला सर्रास मिळतो. ते वरवरच्या चुका दुरुस्त करतं, हवं तर ‘डर्टी’ची खूणही पुसतं, पण सखोल तपासणी करत नाही. ताप न उतरवता थर्मामीटर झटकण्यातला हा प्रकार. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमचं खरं औषध विंडोजकडेच आहे: ‘चेकडिस्क’, ‘एफ’ या पर्यायासह. भाचीचं काम तेवढ्यानं झालं, रेकॉर्डिंगं शाबूत निघाली.

मात्र डीमेसेजमध्ये ‘आय/ओ एरर’च्या ओळी दिसल्या तर चेकडिस्कला हातही लावू नका. तिथं डिस्कच आजारी असू शकते. ‘स्मार्टसीटीएल’नं तपासा, हार्ड डिस्कच्या ५ आणि १९७ क्रमांकांच्या नोंदींत आकडे वाढत असतील तर आधी ‘डीडीरेस्क्यू’नं दुसऱ्या डिस्कवर नक्कल घ्या. दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवर करा.

उलटा धोकाही आहेच. लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोजला जोडली की ते बिनदिक्कत विचारतं, फॉर्मेट करू का? त्याला ती वाचता येत नाही, इतकंच. कॅन्सल दाबा.

आणि दुकानात कुणी फॉर्मेट सुचवलं तर डीमेसेजमध्ये काय आलं ते विचारा. धड उत्तर मिळालं नाही तर लॅपटॉप उचला आणि घरी या.