दसरा सरला, घर सुनं झालं

प्रश्न : मुलगा-सून ऊसतोडीला गेले. नातवंडांसह मी धारूरला. घर खायला उठतं. काय करू?

उत्तर : आजी, हे रितेपण खरं आहे, ते दाबू नका. पण रोज एक गोष्ट पोरांसोबत नीट बघा. सध्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं उतरताहेत, तीच बघा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही सांगा त्यांना. फळाच्या डोळ्यांमधल्या खाचा पिवळसर दिसल्या की फळ तोडून आढीत घाला. हलकेच दाबून बघायचं काम धाकट्याकडे. असं रोज बघण्याने मनालाही बरं वाटतं: एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या अभ्यासात, कृतज्ञतेच्या गोष्टी दर आठवड्याला लिहिणाऱ्यांना आयुष्य अधिक बरं वाटलं. तुम्ही लिहायलाच हवं असं नाही. रात्री फोनवर लेकाला सांगा, आज काय पिकलं. झोप-भूक उडालीच, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोला, संकोच नको.