जुलाबाचा जंतू आणि गेल्या आठवड्याचं जेवण

“डॉक्टर, डीएनए तपासून पोटातला जंतू नेमका कळतो म्हणे. मग तीच टेस्ट लिहून द्या, कल्चरसाठी दोन-तीन दिवस कोण थांबणार?” असा आग्रह हल्ली वरचेवर होतो. मागणी गैर नाही. पण या तपासणीतून काय कळतं आणि काय नाही, हे जर्मनीतल्या २०११ च्या साथीवरून चांगलं उमगतं.

त्या वर्षी मे महिन्यात हॅम्बुर्ग आणि आसपासच्या भागात धडधाकट माणसांना रक्ताचे जुलाब होऊ लागले. शेकडोंच्या किडन्या बंद पडल्या. साथ आटोपली तेव्हा रुग्ण ३,८०० च्या आसपास गेले होते आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली होती. रुग्णाच्या शौचातून वाढवलेल्या जंतूचा डीएनए हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयानं आणि चीनमधल्या बीजीआय संस्थेनं मिळून तीनएक दिवसांत वाचला आणि लगेच जगासाठी खुला केला. जंतू ई. कोलायच होता, पण आतड्याला थरांनी चिकटून बसणाऱ्या या जातीनं शिगा विषाचं जनुक कुठून तरी उचललं होतं आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सना ती दाद देत नव्हती.

एवढं कळलं, पण तो ताटात आला कुठून? आधी स्पेनच्या काकडीवर आळ आला आणि तिथल्या शेतकऱ्यांना नाहक फटका बसला. रुग्णांना विचारावं तर काकडी आठवे, टोमॅटो आठवे. सॅलडवर भुरभुरलेले मोड फारसे कुणाला आठवेनात. शेवटी तपास करणाऱ्यांनी एका हॉटेलच्या आचाऱ्याला गाठलं, कुठल्या पदार्थात काय पडतं ते लिहून घेतलं आणि कोणी काय मागवलं होतं त्याच्याशी ताडून पाहिलं. मोड खाल्लेल्यांना धोका चौदापट निघाला. माग लोअर सॅक्सनीतल्या मोड पिकवणाऱ्या एका शेतापर्यंत आणि तिथून इजिप्तच्या मेथीदाण्यांपर्यंत पोचला. त्या दाण्यांत तो जंतू काही सापडला नाही! मेथी पकडून दिली ती चौकशीनं.

तेव्हा टेस्टचा हट्ट धरण्याआधी दोन गोष्टी करा. जुलाबात रक्त पडत असेल, ताप असेल किंवा आजार लांबला असेल, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून घेऊ नका. एक-दोन गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू वाढेलच असं नाही. आणि शिगा विषाच्या जंतूवर काही अँटिबायोटिक्सनी विष वाढण्याची भीती असते. जुलाब थांबवायची गोळी तर रक्त दिसल्यावर नकोच. ओआरएस मात्र लगेच सुरू करा. पीसीआर ही डीएनएची तपासणी काही तासांत जंतूचं नाव सांगते, पण ती मेलेल्या जंतूचाही डीएनए दाखवते, आणि औषध कोणतं लागू पडेल हे अजून बहुतेक वेळा कल्चरच सांगतं.

दुसरी गोष्ट, मागच्या आठवड्यात काय खाल्लं ते कागदावर लिहून आणा: लग्नातलं जेवण, उसाचा रस, पाण्याचा टँकर, ताटातली कोशिंबीर, सगळं. टायफॉइडचा संशय असेल तर दोन-तीन आठवडे मागे जा. आणि मोड आलेली कडधान्यं घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर कच्ची न देता शिजवून द्या. आपली उसळ या बाबतीत उत्तमच.

‘तुमच्या आतड्यातले जीवाणू ओळखा’ म्हणून घरपोच मिळणाऱ्या किटवर जुलाबाच्या निदानासाठी पैसे घालवू नका.

मागचं आठवून सांगणं जुलाब थांबल्यावरही कामी येतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गिलियन-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला होता. या आजारात पायांतली ताकद जाते ती बहुधा जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी. तोवर पोटाचं दुखणं घरातले विसरूनही गेलेले असतात. चालताना पाय लटपटू लागले, जिना चढवेना, तर तडक मोठ्या रुग्णालयात जा आणि मागे जुलाब झाले होते हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.