तंजावूरच्या पडद्यावरील हवामान

दूरचित्रवाणीवरील स्थानिक बातम्या आणि हवामानवृत्त यांत गेल्या पाच दशकांत झालेले बदल साधारणपणे वाहिन्यांच्या वाढत्या संख्येवरून मोजले जातात. प्रस्तुत लेखात मात्र हे बदल एकाच गावाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ते गाव म्हणजे मराठी वाचकाला इतिहासामुळे परिचित असलेले तंजावूर.

इ. स. १६७६च्या सुमारास एकोजीराजे भोसले यांनी येथे सत्ता स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळाची मोडी दप्तरे आणि मराठी हस्तलिखिते आजही जतन केली आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०५च्या सुमारास येथे देवनागरी मुद्रणालय सुरू केले आणि तेथून १८०६ मध्ये इसापनीतीचा मराठी अनुवाद छापून निघाला. मुंबई-पुण्यात मराठी छपाई रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. छापील मजकूर इतक्या लवकर पोहोचलेल्या या गावाला पुढे दूरचित्रवाणीची लहर मात्र उशिरा मिळाली. ती मिळाल्यावरही तिच्यात तंजावूरचे नाव किती वेळा आले, हा वेगळा प्रश्न आहे.

येथील हवामानाचे वेळापत्रक महाराष्ट्राच्या उलट आहे. आपल्याकडे परतीचा पाऊस निरोप घेतो त्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, तंजावूरला ईशान्य मोसमी पावसाची चाहूल लागते. वर्षभराच्या पावसापैकी जवळपास निम्मा वा त्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळही तोच. सांबा भाताचे पीक तेव्हा शेतात उभे असते. जूनमध्ये पेरले जाणारे कुरुवै पीक मात्र पावसापेक्षा मेट्टूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून असते. हे धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले. त्याचे दरवाजे १२ जूनला उघडण्याची प्रथा आहे आणि पूर्ण पातळी १२० फूट आहे. त्यामुळे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात 'हवामान' या शब्दात दोन बातम्या सामावलेल्या असतात. एक आभाळाची आणि दुसरी मेट्टूरच्या पातळीची. तमिळ बातमीपत्रांत ही पातळी फुटांमध्ये सांगितली जाते आणि शेतकरी ती शेअर बाजाराच्या आकड्यांपेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

रेडिओ भात

दूरचित्रवाणीच्या आधी येथे आकाशवाणी होती. तिरुचिरापल्ली केंद्र १९३९ मध्ये सुरू झाले. ते तंजावूरपासून जेमतेम पंचावन्न-साठ किलोमीटरवर आहे. १९६०च्या सुमारास तंजावूर जिल्ह्याची सघन शेती कार्यक्रमासाठी निवड झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत आडुतुरै येथील संशोधन केंद्राचा 'एडीटी-२७' हा भाताचा वाण या केंद्रावरील शेतीविषयक कार्यक्रमांतून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. लोकांनी त्याला नाव दिले 'रेडिओ भात'. विकास संज्ञापनाच्या अभ्यासात हे उदाहरण वारंवार येते. येथे त्याची आठवण करण्याचे कारण वेगळे आहे. तो वाण जिल्ह्यातच तयार झाला होता, केंद्र शेजारच्या जिल्ह्यात होते आणि कार्यक्रमातून सांगितली जाणारी कृती ऐकणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी आपल्या शेतात करता येत होती. दूरचित्रवाणीला हे अंतर पुढे कधी गाठता आले नाही.

मद्रास दूरदर्शन केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र त्याआधी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. जमिनीवरील प्रक्षेपकाची लहर पृथ्वीच्या गोलाईमुळे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही आणि तंजावूर मद्रासपासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे १२ नोव्हेंबर १९७७ रोजी नागपट्टणमजवळ चक्रीवादळ येऊन शेकडो माणसे दगावली, तेव्हा राज्यात दूरचित्रवाणी होती पण त्रिभुज प्रदेशात ती दिसत नव्हती. त्या रात्री लोकांच्या हाती होता तो रेडिओ, तार कार्यालय आणि दवंडी.

उपग्रहाचे ढग

१९८३ मध्ये 'इन्सॅट-१बी' उपग्रह कार्यान्वित झाला आणि दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम पकडून तो आसपास प्रक्षेपित करणारे लघुशक्ती प्रक्षेपक देशभर झपाट्याने उभे राहिले आणि जिल्ह्याची गावे पडद्याच्या कक्षेत आली. त्याच उपग्रहावरील उपकरण ढगांची छायाचित्रे पाठवू लागले. पडद्यावरील हवामानवृत्ताला चित्र मिळाले ते तेव्हापासून. त्याआधी निवेदक मोठ्या शहरांचे कमाल आणि किमान तापमान वाचून दाखवीत असे. आता समुद्रावर फिरणारे पांढरे भोवरे घराघरांत दिसू लागले. याच उपग्रहमालिकेच्या आधाराने तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर चक्रीवादळाचा इशारा थेट पोहोचवणारे संचही बसवण्यात आले. मद्रास येथील केंद्रावरून धोक्यात असलेल्या निवडक जिल्ह्यांतील संचच जागे करता येत असत. इशारा सर्वांना सारखा न देता ज्याचा त्याला देण्याची ती पहिली तांत्रिक सोय होती. दूरचित्रवाणी मात्र त्यानंतरही सर्व राज्याला एकच वाक्य ऐकवत राहिली.

त्या एका वाक्यातील 'तंजावूर' म्हणजे नेमके काय, हेही बदलत गेले. १९९१ पर्यंत तंजावूर जिल्ह्यात जवळपास संपूर्ण त्रिभुज प्रदेश मोडत होता आणि नागपट्टणम, वेदारण्यम ही किनाऱ्यावरची गावे त्याचाच भाग होती. त्या वर्षी नागपट्टणम जिल्हा वेगळा झाला, १९९७ मध्ये तिरुवारूर आणि २०२० मध्ये मयिलाडुतुरै. आजच्या तंजावूर जिल्ह्याला अदिरामपट्टिणम ते सेतुभावाछत्रम या बाजूची किनारपट्टी उरली आहे. बाहेरचे लोक ती अनेकदा विसरतात. देवळांचे आणि राजवाड्याचे शहर अशी ज्या गावाची प्रतिमा आहे त्याच्या जिल्ह्याला समुद्र असेल, हे सहज ध्यानात येत नाही.

खासगी वाहिन्या आणि केबलची तार

१९९३ मध्ये 'सन टीव्ही' सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षांत तमिळमध्ये चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या आल्या. स्पर्धेमुळे बातमीची गती वाढली. चेन्नईच्या प्रादेशिक हवामान केंद्रातील पत्रकार परिषद पावसाळ्यात रोजची बातमी झाली. चक्रीवादळ इशारा विभागाचे प्रमुख एस. आर. रमणन हे मार्च २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत घरोघरी ओळखीचे झाले होते. उद्या शाळेला सुट्टी मिळणार का, हे कळण्यासाठी मुले त्यांच्या निवेदनाची वाट पाहत, असे विनोदाने सांगितले जाई. विनोद बाजूला ठेवला, तरी शासकीय शास्त्रज्ञाने सोप्या तमिळमध्ये स्वतः समोर येऊन बोलणे हा मोठा बदल होता. ढगाच्या चित्रापेक्षा त्याचे मोल अधिक मानावे लागेल.

याच काळात केबलचालकांनी गावोगावी आपापल्या स्थानिक वाहिन्या सुरू केल्या. देवळाचा उत्सव, नगरपालिकेची सभा, पाणीपुरवठ्याची वेळ, लग्नाच्या शुभेच्छा असे त्यांचे स्वरूप. व्यावसायिक दर्जा बेताचा होता, पण वाहिनी त्या गावचीच होती. पुढे तमिळनाडू शासनाने २००७ मध्ये अरसू केबल महामंडळ स्थापन केले आणि त्याच्या पहिल्या प्रसारण नियंत्रण केंद्रांपैकी एक तंजावूरला उभे राहिले. सप्टेंबर २०११ पासून महामंडळाने दरमहा ७० रुपयांत केबल जोडणी देण्यास आरंभ केला. सिग्नल वितरित करणारे केंद्र तंजावूरमध्ये आले, तरी त्यातून वाहणारी बातमी बहुतांशी चेन्नईत तयार होत होती. तार जवळ आली, संपादन दूरच राहिले.

मधल्या काळात २६ डिसेंबर २००४चा रविवार येऊन गेला. सुमात्राजवळचा भूकंप भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला. लाट नागपट्टणमला पोहोचेपर्यंत दोन तासांहून अधिक अवधी होता, पण देशात त्सुनामी इशारा यंत्रणा नव्हती. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. पुदुच्चेरीजवळील नल्लवाडू या कोळी गावातील लोक वाचले ते सिंगापूरहून आलेल्या एका दूरध्वनीमुळे. गावच्या ज्ञान केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून लोकांना किनाऱ्यापासून दूर जाण्यास सांगण्यात आले. हैदराबाद येथील त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये कार्यान्वित झाले.

गाजा

स्थानिक वृत्तप्रसारणाची खरी परीक्षा नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. 'गाजा' चक्रीवादळाचा रोख प्रथम उत्तर तमिळनाडू व दक्षिण आंध्रकडे दिसत होता. नंतर तो कडलूर ते पांबन या पट्ट्यावर आला आणि १६ नोव्हेंबरच्या पहाटेच्या आधी वादळ नागपट्टणम आणि वेदारण्यम यांच्यामध्ये किनाऱ्यावर आदळले. कारैकाल येथील डॉप्लर रडार त्यावर लक्ष ठेवून होते. वेळेत इशारे दिले गेले, हजारो लोकांना निवारा केंद्रांत हलवण्यात आले आणि १९७७च्या तुलनेत प्राणहानी फार कमी झाली. हवामानशास्त्र आणि प्रशासन यांचे हे यश निर्विवाद आहे.

तरीही तंजावूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील पट्टुकोट्टै, पेरावूरणी आणि ओरत्तनाडु परिसरातील नारळाच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. बाधित जिल्ह्यांत मिळून लक्षावधी माड पडले. माड लावल्यापासून पूर्ण उत्पन्न देण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे हे नुकसान एका हंगामाचे नव्हते.

येथे पडद्यावरील नकाशाची मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. वादळाचे स्थान 'नागपट्टणमच्या पूर्वेस इतके किलोमीटर' असे सांगितले जाते, कारण शास्त्रीय मोजणीला एक बिंदू लागतो. प्रेक्षकाच्या मनात मात्र तो बिंदूच वादळ होऊन बसतो. प्रत्यक्षात सर्वाधिक वेगाचे वारे केंद्रापासून काही अंतरावर कड्यासारखे फिरत असतात आणि जमिनीवर आल्यानंतरही ते लगेच शमत नाहीत. गाजाचा जोर आत दिंडिगुलच्या दिशेने जाईपर्यंत जाणवत राहिला. हवामान विभागाच्या पत्रकांत आतील जिल्ह्यांची नावे होती. पण पत्रक अनेक परिच्छेदांचे असते आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी एका ओळीची. त्या ओळीत किनाऱ्यावरच्या एकाच गावाचे नाव मावते. पिकलेले नारळ उतरवा, झावळ्या कमी करा, केळीला आधार द्या, सांब्याच्या शेतातील जादा पाणी काढून टाका, यांपैकी काहीही त्यात मावत नाही.

दुसरी मर्यादा विजेची. गाजात एक लाखाहून अधिक विजेचे खांब कोसळले आणि ग्रामीण भागात पुरवठा सुरळीत होण्यास काही आठवडे लागले. वादळ येण्यापूर्वीच खबरदारी म्हणून वीज बंद करण्याची पद्धत आहेच. अर्थात ज्या रात्री माहितीची गरज सर्वाधिक, त्याच रात्री संच अंधारात असतो. वादळानंतर पाणी, तांदूळ, पंचनामा यांच्या बातम्या राज्यभर दिसत होत्या. बाधित गाव मात्र त्या पाहू शकत नव्हते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले, तेव्हा वाहिन्यांचे लक्ष मुंबईवर एकवटले होते. वादळ आदळले रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या बाजूला. नारळ-सुपारीच्या वाड्या तिथे पडल्या, वीज आणि मोबाइल तिथे बंद झाले. चेन्नईच्या जागी मुंबई आणि पट्टुकोट्टैच्या जागी श्रीवर्धन ठेवले, की दोन्ही कथा एकमेकींवर बेतून बसतात.

आजची स्थिती

दूरदर्शनचे जमिनीवरील बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक २०२१-२२ पर्यंत बंद झाले आणि तमिळ वाहिनीचे 'पोदिगै' हे नाव जाऊन जानेवारी २०२४ पासून ती 'डीडी तमिळ' झाली. मोफत डिश सेवेमुळे राजवाडा परिसरातील मराठी घरालाही सह्याद्री वाहिनी पाहता येते. तेथील कुटुंबांची मराठी कित्येक पिढ्या तमिळच्या सहवासात वाढली आहे. त्यांना पडद्यावर आजची मराठी ऐकू येते, पण त्या मराठीतला पाऊस कोकण आणि विदर्भाचा असतो. स्वतःच्या अंगणातला पाऊस त्यांना तमिळमध्येच ऐकावा लागतो. सरस्वती महालातील ताडपत्रांना दमट हवेपासून जपायचे, तर तेथील कर्मचाऱ्यांनाही हाच ईशान्य पाऊस विचारात घ्यावा लागतो.

मोबाइलवरील इशारे, 'मेघदूत' हे ॲप आणि हौशी हवामान अभ्यासकांची समाजमाध्यमे यांनी दूरचित्रवाणीची मक्तेदारी मोडली आहे. गावाच्या नावानिशी अंदाज शोधता येतो, हा त्यांचा मोठा लाभ. त्यात अफवाही मिसळतात, म्हणून खातरजमा करण्यासाठी लोक पुन्हा बातम्यांकडे वळतात. वाहिन्यांनी आपली जागा येथे शोधली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. राज्याचा नकाशा दाखवून झाल्यावर जिल्हानिहाय दोन मिनिटे राखून ठेवणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. डिजिटल केबलवर तर वेगवेगळ्या जिल्ह्यांना वेगवेगळा मजकूर पाठवता येतो. वीज गेल्यावर उपयोगी पडेल असा बॅटरीचा रेडिओ आणि गावचा ध्वनिक्षेपक यांना त्याच मजकुराशी जोडून घेण्याचा खर्चही फारसा नाही.

मजकूर नव्याने तयार करण्याचीही गरज नाही. ज्या आडुतुरैहून एकेकाळी 'रेडिओ भात' आला, तेथेच आज कृषी हवामान केंद्र आहे. त्याचे सल्लापत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. पुढील पाच दिवसांचा पाऊस, वारा, आर्द्रता आणि त्यानुसार भात, नारळ, केळी यांत काय करावे, हे त्यात असते. मोठ्याने वाचले, तर ते काही मिनिटांत पूर्ण होते.