मस्तिष्क प्रवाळ : कच्छच्या आखातातील जिवंत खडक

जामनगर जिल्ह्यातील पिरोटन बेटाच्या आसपास मोठी ओहोटी लागली की उथळ पाण्यातून काही घुमटाकार खडक डोके वर काढतात. मानवी मेंदूवर असतात तशाच नागमोडी वळ्या त्यांच्या पृष्ठभागावर दिसतात. हे मस्तिष्क प्रवाळ होत. दिसावयास दगड असले तरी वस्तुतः ती असंख्य लहान प्राण्यांची वसाहत असते.

या प्राण्यांस पॉलिप म्हणतात. प्लॅटिजायरा या प्रजातीत पॉलिपचे विभाजन होऊन नवी मुखे निर्माण होतात, परंतु त्यांच्यामध्ये भिंत उभी राहत नाही. एकाच खाचेत अनेक मुखे ओळीने नांदतात. नागमोडी नक्षीचे रहस्य हेच. पॉलिप आपल्या खाली चुन्याचा सांगाडा रचीत जातात. एवढ्या अवजड घुमटाचा जिवंत भाग म्हणजे त्यावरील केवळ पातळ साय! तिच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा प्रवाळास देतात. रात्री पॉलिप शुंडके पसरून पाण्यातील सूक्ष्म प्राणीही पकडतात.

शैवलांना प्रकाश हवा, आणि कच्छच्या आखाताचे पाणी तर गढूळ. फांद्यांप्रमाणे वाढणारे अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ येथून नाहीसे झाले होते. त्यांचे मृत अवशेष तेवढे सापडत. घुमटाकार प्रवाळ मात्र टिकून राहिले. अंगावर बसलेला गाळ ते चिकट स्रावात गुंडाळून, सूक्ष्म रोमकांच्या हालचालीने बाजूस सारतात. घुमटाच्या उतारावरून तो घसरतोही. त्यांच्या कपारींत खेकडे, कृमी व माशांची पिले आश्रय घेतात, आणि लाटांचा जोरही तेथे मोडतो.

या सहनशीलतेला मर्यादा आहे. असे प्रवाळ वर्षाला साधारणतः काही मिलिमीटरच वाढतात. वर्षाला पाच मिलिमीटर धरल्यास अर्धा मीटर उंचीच्या घुमटास शंभर वर्षे लागतात. आखातात पूर्वी सिमेंटसाठी प्रवाळवाळू उपसली जात असे. 1982 मध्ये येथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2001 मध्ये खडक रचणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. तथापि ओहोटीच्या वेळी घुमटावर पडलेले एक पाऊलही ती साय चिरडू शकते. उघड्या पडलेल्या सांगाड्यावर मग शेवाळ धरते, आणि शेजारचे पॉलिप ती जागा पुन्हा व्यापण्यापूर्वी ते तेथे पसरते.