आधी चिपला विचार

बेटा, नागपूरच्या व्हीएनआयटीतून बाहेर पडलीस, आता ऑपरेटिंग सिस्टिमविना थेट बोर्डावर काम करणार आहेस. स्पिनलॉक लिहायची वेळ येईलच, तेव्हा एवढं गाठीला बांधून ठेव.

आधी लॉक टाळता येतो का ते बघ. तुझं कॉलेज व्हीआरसीई होतं तेव्हा तिथं शिकलेल्या विजय भटकरांच्या पुढाकारानं पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र होती, कामं एकमेकांना निरोप पाठवून व्हायची. सामाईक काही ठेवलंच नाही, तर भांडण कशावरून होणार?

सामाईक ठेवावंच लागलं, तर चिपचं मॅन्युअल उघड. एक्स८६ वर मेमरीशी केलेलं एक्सचेंज आपोआप ॲटॉमिक असतं. कॉर्टेक्स-एम३ वर एलडीआरईएक्स आणि एसटीआरईएक्सची जोडी आहे. रिस्क-फाइव्हवर 'ए' एक्स्टेंशन असेल तर एएमओस्वॅप मिळतं; आपल्याकडच्या शक्ती आणि वेगा या चिपा रिस्क-फाइव्हच्याच. पण रास्पबेरी पाय पिकोच्या आरपी२०४० मध्ये कॉर्टेक्स-एम० प्लसचे दोन कोअर आहेत आणि यातलं एकही इन्स्ट्रक्शन नाही. म्हणून त्या चिपमध्येच ३२ हार्डवेअर स्पिनलॉक दिलेत. रजिस्टर वाचलं आणि शून्य आलं, तर लॉक दुसऱ्याकडे. दुसरं काही आलं, तर तो तुझा झाला. सोडताना तिथंच कोणताही आकडा लिहायचा. इथं वाचणं म्हणजेच घेणं, हे विसरू नकोस. नुसती अवस्था पाहायला वेगळं रजिस्टर आहे.

लॉक घेण्याआधी त्या कोअरचे इंटरप्ट बंद कर. नाहीतर लॉक हातात असताना इंटरप्ट येईल, त्याचा हँडलर तोच लॉक मागेल आणि कोअर जागीच अडकेल. सोडताना आधी लॉक, मग इंटरप्ट. तेही सरसकट चालू करायचे नाहीत, आधी होते तसे करायचे. तुझं फंक्शन बोलावणाऱ्यानंच ते बंद ठेवलेले असू शकतात.

कंपायलर आणि प्रोसेसर दोघंही मेमरीची कामं मागेपुढे करतात. म्हणून बॅरिअर लागतो: घेताना ॲक्वायर, सोडताना रिलीज. एक्स८६ वर सोडायला साधं लिहिणं पुरतं, फक्त कंपायलरला आवरावं लागतं. ६४ बिटी एआरएमवर मात्र एसटीएलआर वापर. एआरएमचा कोड एक्स८६ च्या लॅपटॉपवर क्यूईएमयूत चालवलास, तर बॅरिअर विसरल्याची चूक लपून राहू शकते. खऱ्या बोर्डावर दोन्ही कोअरना रात्रभर लॉक घेऊन एकच काउंटर वाढवायला लाव. सकाळी बेरीज चुकली, तर कोड चुकला. जुळली, तरी मॅन्युअलशी पडताळणं सुटत नाही.

कॅश असलेल्या प्रोसेसरवर वाट पाहताना एक्सचेंजचा मारा करू नकोस. कॅशलाइन कोअराकोअरांत ओढली जाते. नुसतं वाचत राहा, मोकळा दिसला की मगच हात घाल. मध्ये एक्स८६ वर पॉज टाक. एआरएमवर डब्ल्यूएफई टाकलंस, तर झोपलेल्या कोअरला उठवायची सोय आहे ना, ते बघ. कोअर जास्त असले तर बँकेतल्या टोकनसारखा तिकीट लॉक बरा. लिनक्सनं २००८ साली एक्स८६ साठी तोच घेतला होता. लॉक हातात असताना प्रिंट नको, डिले नको, फ्लॅशमध्ये लिहिणं नको.

शेवटी एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममधली स्पिनलॉकची छोटीशी फाइल वाच. तिथं बॅरिअरपाशी तो कशासाठी आहे ते लिहिलेलं आहे. तुझ्या प्रत्येक बॅरिअरवर तशी एक ओळ लिही. ती लिहिता आली नाही, तर कोड पुढे पाठवू नकोस. मॅन्युअल परत वाच.