घरात अँप्लिफायर जोडताना

गेल्या दिवाळीत मुलाने घरी एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर आणले. आमच्या सौभाग्यवतींना आता डोळ्यांनी फारसे दिसत नाही. पोथी वाचता येत नाही. निदान भजन तरी नीट ऐकता यावे, हा हेतू. मोबाइलचा आवाज बारीक. त्यात पखवाज ऐकूच येत नाही.

अँप्लिफायर काय करतो? पाटाचे दार डोळ्यांसमोर आणा. दार वर-खाली करायला एका माणसाचा हात पुरतो. पण दारातून जे पाणी धावते, त्याचा जोर हाताचा नसतो, धरणाचा असतो. मोबाइलमधून येणारी वीज त्या हातासारखी आहे. फार थोडी. स्पीकरचा मोठा पडदा तिच्याने हलत नाही. अँप्लिफायर घरातली २३० व्होल्टची वीज घेतो. ती आपल्या कामापुरती उतरवतो, आणि मोबाइल सांगेल तशी कमी-जास्त करून स्पीकरला देतो.

जोडणी करताना प्लग बाहेर काढून ठेवावा. आधी स्पीकरच्या तारा जोडाव्या, मग मोबाइलची तार. आवाजाचे बटण शून्यावर आणावे आणि प्लग सर्वांत शेवटी लावावा. तारेचा एखादा केस बाहेर राहून शेजारच्या तारेला टेकला, तर अँप्लिफायर जळू शकतो.

आम्ही पहिल्या दिवशी चूक केलीच. भजन लावले. आवाज मोठा झाला. पण सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पखवाज कुठं गेला? हा तर रिकामा डबा वाजतोय.”

आम्हाला काही कळेना. मग स्पीकरच्या मागे पाहिले. तिथे एक तांबडे टोक असते आणि एक काळे. तांबड्याला तांबडे, काळ्याला काळे जोडायचे. एका स्पीकरला आम्ही उलट जोडले होते. त्यामुळे एकाचा पडदा पुढे येई, तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. अशाने जाड आवाज एकमेकांना मारतात. तारा बदलल्या आणि पखवाज परत आला.

स्पीकरच्या मागे ४ किंवा ८ ओहम असा आकडा लिहिलेला असतो. आकडा लहान, तितकी वीज जास्त ओढली जाते. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी शेजारी-शेजारी जोडले, की ते ४ ओहमसारखे होतात. चार जोडले की २. अँप्लिफायरवर ‘४ ते ८’ लिहिले असेल, तर हे त्याला झेपत नाही. तो तापतो. त्यावर विणलेला रुमाल घातला, तर आणखी तापतो. (आमच्या घरी रुमाल घातला होता. काढला.)

आता मुख्य गोष्ट. आमच्या भिंतीवरचा बोर्ड जुना, दोन भोकांचा. प्लगला पिना तीन. जोडून देणाऱ्या माणसाने वरची जाड पिन कापून टाकली. म्हणाला, “तिचं काही काम नसतं.”

महिनाभराने सकाळी सौभाग्यवती भांडी विसळून आल्या. हात ओले. बटण चाचपताना यंत्राच्या पत्र्याला हात लागला, आणि त्या किंचाळून मागे पडल्या. आतली एक तार घासून पत्र्याला टेकली होती. दैव बलवत्तर, हात सुटला.

ती जाड पिन आर्थिंगची. पत्र्यात उतरलेली वीज माणसाच्या अंगातून न जाता तारेने जमिनीत जावी, यासाठी ती असते. काही यंत्रांना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना आर्थिंग लागत नाही. पण तीन पिनांचे यंत्र दोन भोकांत लावू नये.

आम्ही परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने अंगणात खड्डा घेऊन लोखंडी नळ पुरला. भोवती कोळसा आणि मीठ घातले. तिथून तार बोर्डापर्यंत आणली आणि तीन भोकांचा सॉकेट बसवला. मीटरजवळ ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. लावला. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला, की तो खटका आपोआप पडतो. आत घासलेली तारही बदलून घेतली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आम्ही अधूनमधून बादलीभर पाणी ओततो, कारण कोरडी माती वीज नीट घेत नाही.

सौभाग्यवती आता रोज पहाटे स्वतःच बटण लावतात. हात मात्र आधी पदराला पुसतात.